पाण्याच्या स्किटची माफी मागितली, विडीवाल्या बाईच्या स्किटची कुणीच नाही

हौशी_नेपथ्य
मंडळी, गेल्या गणपतीत आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मंडळाने मांडवात स्किटची रात्र ठेवली होती. पोरं सगळी विशी-बाविशीची. त्यातल्या दोन स्किटांबद्दल लिहायचंय. टीव्हीवरच्या विनोदाबद्दल बरेच दिवस जे मनात आहे, ते या दोन स्किटांमुळे नीट मांडता येईल असं वाटतं.

एक स्किट विडी वळणाऱ्या बाईचं. एक पोरगा साडी नेसून, पोटाला उशी बांधून, मांडीवर सूप घेऊन बसला होता. तेलुगू वळणाची मराठी, क्रियापदांची मोडतोड, दारुड्या नवऱ्याचा उद्धार आणि दर दोन वाक्यांनी कंबर उडवणं. विग, चाल, पंचनंतर वाजणारं म्युझिक, सगळं टीव्हीवरून जसंच्या तसं उचललेलं. हशा तुफान. समोर बसलेल्या कितीतरी बायका दिवसभर विड्या वळूनच मांडवात आल्या होत्या.

दुसरं स्किट पाण्याचं. घरात लग्न ठरलंय आणि तारीख काढायला सगळे बसलेत. भटजी म्हणतात अमुक दिवस उत्तम, पण घरची थोरली सून म्हणते, त्या दिवशी आपल्या गल्लीला पाणी नाही. मग पंचांग बाजूला पडतं आणि गल्लीला पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला फोन लावून मुहूर्त ठरतो. रात्री अडीचला नळ येणार म्हणून नवरीची हळदही रात्री अडीचला. शेवटी एक पुढारी हार घालून घेऊन नळाचं उद्घाटन करतात आणि नळातून नुसती हवा येते. उजनी धरण भरल्याची बातमी वाचून चार-पाच दिवस नळाची वाट बघितलेल्या शहराला हे समजावून सांगावं लागलं नाही. लोक हसले, पण वेगळं हसले. शेजारी-शेजारी एकमेकांकडे बघून हसत होते.

दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी माईकवरून दिलगिरी आली. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर...' कुणाच्या, ते सगळ्यांना ठाऊक होतं. वर्गणीच्या पावतीवर ज्यांचा आकडा सगळ्यात मोठा होता त्यांच्या. माफी पाण्याच्या स्किटची होती. विडीवाल्या बाईच्या स्किटाबद्दल कुणी ब्र काढला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की 'भावना दुखावल्या का' हे मोजमाप विनोदाला लावूच नये. त्या मापाला ज्याचा आवाज मोठा त्याचंच दुखणं ऐकू येतं. मी लिहिणाऱ्याला दुसरंच विचारीन: ज्याच्यावर लिहिलंस त्याच्याबद्दल तुला काय माहीत आहे?

पाण्याच्या स्किटात माहिती ठासून भरलेली होती. चावीवाला कोण, नळ कधी येतो, कोण उठतं, पिंप कोण भरतं. विडीच्या स्किटात काय होतं? त्या पोराने कागदाची सुरळी केली, सिगारेटसारखी. पान भिजवलेलं नाही, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापलेलं नाही, दोऱ्याची गाठ नाही, टोक दुमडणं नाही. ते ठाऊक असतं तर खरा विनोद समोरच उभा होता. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. बाई माल घेऊन कारखान्यात जाते, तिथे तपासणारा एकेक जुडी हातात घेतो आणि खराब म्हणून विड्या बाजूला काढतो. त्या बाजूला काढलेल्या विड्यांचं पुढे काय होतं, हा प्रश्न एखाद्या बाईने रंगमंचावरून नुसता विचारला असता तरी मांडव डोक्यावर घेतला असता लोकांनी. आणि मग कदाचित त्याचीही माफी मागावी लागली असती.

टीव्हीवर आठवड्याला इतके एपिसोड काढायचे, इतक्या मिनिटांत इतके हशे हवेत, म्हटल्यावर माहिती गोळा करायला वेळ कुणाला? मग जाड माणूस, काळी बायको, तोतरा नोकर, गावंढळ मेहुणा हे तयार साचे बाहेर निघतात. व्यंग लिहायला अभ्यास करावा लागतो, टर उडवायला विग पुरतो. तुम्हाला काय वाटतं?

पार्कचौक
लिहिलंय छान, पण पूर्ण सहमत नाही. विनोदी कार्यक्रम हे काही शोधनिबंध नव्हेत. माणूस दिवसभर राबून घरी येतो, जेवताना तासभर हसतो. नक्कल हा विनोदाचा सगळ्यात जुना प्रकार आहे आणि नक्कल म्हटली की चाल, आवाज, बोलणं हे येणारच.

दुसरं, हे असं मोजमाप लावायला घेतलं की ते शेवटी कुणाच्या हातात जातं ते बघा. २०१६ च्या जानेवारीत विनोदी नट किकू शारदाला अटक झाली होती. एका हिंदी वाहिनीवर त्याने डेरा सच्चा सौदा पंथाच्या गुरमीत राम रहीमची नक्कल केली म्हणून. हरियाणाचे पोलीस मुंबईत आले, त्याला कैथलला घेऊन गेले, धार्मिक भावना दुखावल्याचं कलम २९५ अ. एक लाखाच्या जामिनावर सुटका झाली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, त्याच बाबाला बलात्काराच्या खटल्यात दोषी ठरवून वीस वर्षांची शिक्षा झाली. आता सांगा, त्या नक्कलेत किती 'माहिती' होती? झगमगीत कपडे आणि नाच, एवढंच. तुमच्या मापाने ती टर ठरते. तरी ती करायचा हक्क त्याला असायलाच हवा की नाही?

हौशी_नेपथ्य
@पार्कचौक, हक्क असायलाच हवा. अटक तर दूरच, साधी नोटीससुद्धा जायला नको होती. मी बंदीबद्दल बोलत नाही, विनोद चांगला की भिकार याबद्दल बोलतोय. शिवाय त्या बाबाचे झगमगीत कपडे आणि नाच ही त्याने स्वतः सिनेमे काढून मिरवलेली गोष्ट होती. ती त्याची सत्ता होती. विडीवाल्या बाईची मराठी ही तिने मिरवायला निवडलेली गोष्ट नाही. तेलंगणातून आलेल्या आजोबांनी मागावर बसून या शहराची चादर विणली, घरात तेलुगू राहिली, बाजारात मराठी आली. तिच्यावर हसून तिच्याबद्दल काहीच कळत नाही.

कायद्याचं_बोलू
धाग्यात कायद्याचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहितो, कारण बऱ्याच जणांचा समज असा की टीव्हीला काही नियमच नाहीत.

केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियम, १९९४ मध्ये सहावा नियम म्हणजे कार्यक्रम संहिता. धर्मावर किंवा समाजगटावर हल्ला नको, स्त्रियांची अप्रतिष्ठा नको, हे त्यात आहेच. पण एक पोटकलम लोकांच्या लक्षात येत नाही. विशिष्ट वांशिक, भाषिक आणि प्रादेशिक गटांचं निंदेच्या, उपरोधाच्या किंवा तुच्छतेच्या सुरात चित्रण करू नये, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. म्हणजे तेलुगू वळणाच्या मराठीची टर हा विषय नियम करणाऱ्यांना तेव्हाच सुचला होता. २०२१ पासून तक्रारीची उतरंडही ठरली आहे: आधी वाहिनीकडे, तिने चोवीस तासांत पोच द्यायची आणि पंधरा दिवसांत निर्णय, मग वाहिन्यांची स्वनियमन संस्था, मग केंद्र सरकार.

आता माझं मत. हा नियम इतका रुंद आहे की 'उपरोध' हाच गुन्हा ठरवला तर व्यंगकार जगणार कसा? म्हणून मला सुप्रीम कोर्टाचा ८ जुलै २०२४ चा निकाल जास्त उपयोगी वाटतो. एका हिंदी चित्रपटातल्या अपंग पात्रांवरून निपुण मल्होत्रा यांनी याचिका केली होती. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. पारडीवाला यांनी चित्रपटावर कात्री चालवली नाही, पण फरक सांगितला: अपंगत्वाबद्दलची समज वाढवणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला खाली ढकलणारा विनोद वेगळा. आणि चित्रण करताना त्या लोकांना सोबत घ्या, असंही सांगितलं. धागाकर्त्याचं 'माहिती आहे का' हे यापासून फार लांब नाही.

घरकुलची_लेक
मी कुंभारीच्या विडी घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतली. आई विड्या वळते, मावशी वळते, आजी वळायची. त्यामुळे बोलते.

@हौशी_नेपथ्य, तुम्ही आमची बाजू घेतली, बरं वाटलं. पण एक सांगू का दादा, विडीच्या सुपावरून आम्हाला हसूच नये असं नाही. आमच्या गल्लीत एक काकू आहेत, त्या विड्या तपासणाऱ्या माणसाची अशी नक्कल करतात की आई पोट धरून हसते. तो चष्मा कसा नाकावर आणतो, जुडी कशी कानाशी हलवतो, 'ही ढिली, ही वाकडी' कसं म्हणतो. काकू आईचीही नक्कल करतात. पान कमी पडलं की आई कशी माझ्यावर ओरडते ती. तीही अगदी हुबेहूब. आईला राग येत नाही, कारण काकूंनी तिला बघितलंय.

त्या स्किटाच्या वेळी मी मांडवात होते. आई हसली नाही असं नाही. सगळे हसतात तेव्हा हसावं लागतं. घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "मी तसं बोलते का गं?" आणि मग दोन दिवस दुकानात माझ्याशी तेलुगूत बोलली नाही, मराठीतच बोलली, हळू आवाजात. मला त्या पोराचा राग आला तो तिथे.

शाळेत मला मुलं त्याच टीव्हीवरच्या सुरात हाक मारायची. कार्यक्रम रात्री संपतो, पण त्यातला सूर दुसऱ्या दिवशी वर्गात येतो. हे त्या लेखकांना कुणी सांगतं का? आणि आणखी एक, उलट्या बाजूचं. आम्हाला बिचाऱ्या करूनही लिहू नका. तेही तितकंच खोटं असतं.

वगनाट्य_वेडा
वरचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही.

साडीबद्दल थोडं. आता टीव्हीवर पुरुष साडीत आला की हशा ठरलेला, म्हणून काही जण म्हणतात पुरुषाने बाईचं काम करूच नये. मला हे पटत नाही. बालगंधर्व आयुष्यभर स्त्रीभूमिका करत राहिले आणि त्यांची साडी, त्यांचा गजरा बघून घरंदाज बायका नेसणं शिकायच्या. तिथे हसू नव्हतं, आदर होता. तमाशातली मावशी घ्या. गवळणीत ती पुरुषच असते, तोंडाने फटकळ, पण कृष्णाला आणि पेंद्याला अडवून जाब विचारते. तिच्या हातात प्रश्न असतो. वगातही राजाला, प्रधानाला, कोतवालाला सोंगाड्या भर फडात टोमणे मारतो आणि पुढे बसलेला पाटील ते ऐकून घेतो.

टीव्हीवरच्या साडीतल्या पुरुषाच्या हातात काय असतं? तो कुणाला जाब विचारतो? बहुतेक वेळा तो फक्त पाहुण्या हिरोच्या गळ्यात पडतो आणि हिरो दूर सरकतो. तेवढाच विनोद. मावशीचं बोलणं काढून घेतलं आणि पदर तेवढा ठेवला, असं झालंय. माझ्यासारख्या माणसाला याचं फार वाईट वाटतं, कारण आपल्याकडे यापेक्षा कितीतरी धारदार परंपरा होती, आणि ती शहरातल्या शिकलेल्यांनी नव्हे, गावोगाव फिरणाऱ्या फडांनी सांभाळली.

पुण्यातला_सोलापूरकर
आमच्या बोलीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. टीव्हीवर सोलापूरचं पात्र आलं की ते प्रत्येक वाक्यात 'बे' लावतं. बापाला बे, सासऱ्याला बे, साहेबाला बे. अरे, आपण बापाला कधी 'बे' म्हणतो का? मित्राला म्हणतो, बरोबरीच्याला म्हणतो, भांडताना म्हणतो. ज्याला हे ठाऊक आहे तो लेखक नुसत्या एका 'बे'वर अख्खा प्रसंग उभा करील: जावई चुकून सासऱ्याला 'काय करायलास बे' म्हणतो आणि घरात सन्नाटा. आपण सोलापूरवाले यावर सगळ्यात जास्त हसू. त्याला कुणी अपमान म्हणणार नाही. ऑफिसात मात्र मला सगळे येता-जाता 'काय बे' करतात, आणि मी शेंगाचटणी आणली की तेवढ्यापुरते माझे मित्र होतात.

पार्कचौक
@घरकुलची_लेक, ताई, तुमच्या आईचं वाचून मनाला लागलं. नक्कल म्हटली की बोलणं येणारच, असं मी वर लिहिलं होतं. तुमच्या काकूंची नक्कल आणि मांडवातली नक्कल यांतला फरक मला मान्य आहे.

तरी एक शंका उरतेच. समजा लेखकाने सगळा अभ्यास केला, नेम बरोबर माणसावर धरला, आणि तरी बघणारे चुकीच्या कारणाने हसले तर?

हौशी_नेपथ्य
@पार्कचौक, हा प्रश्न खरा अवघड आहे, आणि त्याची गाजलेली उदाहरणं अमेरिकेतली आहेत.

१९७१ मध्ये तिथे 'ऑल इन द फॅमिली' नावाची मालिका आली. आर्ची बंकर नावाचा एक वर्णद्वेषी, तोंडाळ बाप. लेखकांना त्याच्या द्वेषाचीच खिल्ली उडवायची होती. १९७४ मध्ये विडमर आणि रोकीच या संशोधकांनी प्रेक्षकांचा अभ्यास छापला. त्यात दिसलं की ज्यांच्या मनात आधीच द्वेष होता त्यांना आर्ची आवडत होता आणि वादात तोच जिंकतो असं वाटत होतं. दुसरं उदाहरण डेव्ह शॅपेल या कृष्णवर्णीय विनोदवीराचं. २००५ मध्ये, कार्यक्रम शिखरावर असताना आणि जवळपास पाच कोटी डॉलरचा करार हातात असताना, तो चित्रीकरण सोडून निघून गेला. वर्णभेदावरच्या एका स्किटाच्या वेळी सेटवरचा एक जण ज्या तऱ्हेने हसला ते हसणं त्याला सहन झालं नाही, असं त्याने पुढे सांगितलं.

याला पक्का उपाय मला दिसत नाही. पण यातून लेखकाची जबाबदारी संपत नाही, वाढते. आपल्याकडे जसपाल भट्टी होते. १९८९ चा 'फ्लॉप शो' दूरदर्शनवर. औषधाच्या बिलाचे पैसे परत मिळवण्याची सरकारी भानगड, पीएचडीच्या गाइडच्या घरची कामं करणारा विद्यार्थी, निकृष्ट बांधणारा कंत्राटदार. त्यात बघणारा चुकीच्या माणसावर हसूच शकत नव्हता, कारण गोष्ट रूपावर किंवा बोलण्यावर उभीच नव्हती. फाइल कुठे अडते आणि का अडते, यावर उभी होती. गाइडची टिंगल करायला त्याचा रंग किंवा पोट लागलंच नाही. आर्चीसारखं पात्र लिहिणं ही फार वरची कसरत आहे. ती जमेपर्यंत भट्टींची वाट धरावी असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आणि माफीचं पुन्हा सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच खुपतंय. १९३० च्या मे महिन्यात या शहराने इंग्रजांचा मार्शल लॉ बघितला, पुढच्या जानेवारीत चार जण फासावर गेले. चार पुतळ्यांपाशी आपण दर वर्षी हार घालतो. त्या गावात वीस वर्षांच्या पोरांनी पाण्यावर चार वाक्यं बोलली म्हणून त्यांना माईकवर हात जोडायला लावले, आणि आम्ही मोठी माणसं गप्प उभी होतो.

कायद्याचं_बोलू
अगदी बरोबर. आणि पोरांना हे सांगायला हवं की नळाला पाणी येत नाही असं बोलण्याने कुठलंही कलम लागत नाही.

स्किटवाला_पोरगा
नमस्कार. ती दोन्ही स्किटं आमच्याच ग्रुपची. वाचनमात्र होतो, राहवलं नाही.

विडीचं स्किट आम्ही मोबाइलवर बघून एका दुपारी बसवलं. ते आधीपासून यादीत नव्हतं. मंडळातल्या थोरल्यांनी सांगितलं, 'एक तरी बाईचं घ्या, लोकांना तेच लागतं.' पाण्याचं मात्र आमचं स्वतःचं. संजूच्या ताईच्या लग्नात खरंच तारखेवरून घोळ झाला होता, तिथून सुचलं. चावीवाल्याला आम्ही स्वतः जाऊन भेटलो. त्याने सांगितलं की शिव्या सगळे मला देतात, मी फक्त चावी फिरवतो, वरून जेवढं येतं तेवढंच सोडतो. ते त्याचं वाक्य आम्ही जसंच्या तसं घेतलं होतं आणि त्यालाच टाळी पडली.

@घरकुलची_लेक, ताई, तुमच्या त्या काकू आम्हाला शिकवतील का? विडी तपासणाऱ्याचं स्किट करायचंय. बाईचं काम या वेळी पोरगा नको, तुमच्यापैकीच कुणी केलं तर बघा.

आणि पाण्याचं आम्हाला गड्ड्याच्या जत्रेआधी परत करायचंय. मंडळाने मांडव द्यायला नाही म्हटलंय. हॉलचं भाडं झेपणार नाही.

घरकुलची_लेक
काकूंना विचारलं. आधी लाजल्या, मग म्हणाल्या, पोरांना रविवारी पाठवून दे, पण आधी शंभर विड्या वळून दाखवा म्हणावं. बाईच्या कामाला मी तयार आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

वगनाट्य_वेडा
आमच्या सोसायटीचं मागचं पटांगण रिकामं असतं. स्टेज नाही, पण ओटा आहे, तीनशे माणूस बसेल. परवानगीचं मी बघतो. माईक आणि दोन हॅलोजन कुणाकडे आहेत?

पुण्यातला_सोलापूरकर
माईकचं भाडं माझ्याकडून. कार्यक्रमाला मी येतोच. तारीख मात्र पाण्याचा दिवस बघून ठरवा, नाहीतर बायका येणार नाहीत.